वैद्यशाळेच्या चार पाट्यांची हकीकत

ज्याणें रोग दिले आणि औषधेंही दिलीं आणि मध्यें माणसास उभें केलें, त्यास नमन करून लिहावयास बसतों. शके सतराशें तीन, प्लवनाम संवत्सर, आश्विन मास. राज्याचें नांव लिहीत नाहीं. तेथील मंडळी अजून हयात आहेत आणि चटकन रागावतात.

त्या राज्यीं एक थोर वैद्यशाळा होती. पूर्वीं तेथें प्रवेश पाठांतरावर मिळत असे. मग एका विद्वान वैद्यानें भलतेंच औषध दिलें आणि चूक ध्यानीं येऊनही मानापायीं तोंड उघडलें नाहीं आणि रोगी गेला. महाराज फार कष्टी जाहले आणि आज्ञा केली कीं, "औषधें मागाहून शिकवितां येतील, आधीं माणूस पारखून घ्या." तेव्हांपासून प्रसंगप्रश्नाची चाल पडली. ती ऐसी कीं, परीक्षकांनीं एक पेचाचा प्रसंग सांगावा, आणि काय काय करितां येईल तें लिहिलेल्या चार लाकडी पाट्या उमेदवारापुढें मांडाव्या, आणि त्यानें त्या उत्तमापासून अधमापर्यंत ओळीनें लावाव्या, आणि मग परीक्षकांनीं एकच पुसावें, "हें कोठें शिकलां?" चाल मोठी शहाणपणाची होती आणि म्हणोनच फार दिवस टिकली नाहीं. शहरीं हैबतराव नामें एक पंडित उदयास आले आणि त्यांनीं प्रसंगांची शिकवणी काढली. त्यांच्या अंगणीं सकाळीं दोनतीनशें उमेदवार एका सुरांत घोकीत कीं, आधीं ऐकावें, मग वडीलधाऱ्या वैद्यांस कळवावें, मग एकांतीं समजवावें, गप्प कदापि बसूं नये. तिसरी पाटी उचलतांना उसासा टाकावा हेंही पंडितजी शिकवीत. शेवटल्या प्रश्नास हृदयावर हात ठेवून "अंतःकरणापासून शिकलों" म्हणावें, हा नेम. एके वर्षीं एका उमेदवारानें हात उजवे बाजूस ठेविला. वैद्य व्हावयास निघालेला माणूस तो! तरी त्यास जागा मिळाली, कारण पाट्या बरोबर होत्या.

त्या राज्याच्या टोंकास एक डोंगराळ गांव होता. जवळचा वैद्य अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तोही म्हातारा. तेथील सुईण आवडाई, तिची लेक सगुणा. गांवांत आपल्यातला एक वैद्य व्हावा हा पोरीचा ध्यास. परीक्षेस दोनदांच बसतां येई. पहिल्या खेपेस तिनें प्रत्येक प्रसंगीं "स्वतः धांवून जावें" ही पाटी आधीं लावली आणि नापास जाहली. आतां दुसरी आणि शेवटली खेप उरली, म्हणोन तीही हैबतरावांच्या अंगणीं जाऊन बसली आणि चार महिने घोकून घरीं आली. आवडाई तिची तयारी घेऊं लागली. एके सकाळीं म्हणाली, "सगुणे, चुलीवरचं दूध वर आलंय. काय करशील?" सगुणा डोळे मिटून म्हणाली, "आधी सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेईन." तोंवर दूध उतूं गेलें. आवडाई म्हणाली, "झालीस गं बाई तू वैद्य!" दोघी पोट धरून हांसल्या. हांसणें ओसरल्यावर मात्र पोरीच्या मनास चुटपुट लागली कीं, पूर्वीं मी चुकत होतें तरी दूध उतरवीत होतें.

परीक्षेचा दिवस आला. आवडाई भाकरीचें गांठोडें घेऊन शाळेच्या दरवाज्याबाहेर बसली आणि सगुणा आंत गेली. मुख्य परीक्षक म्हाळसाबाई, वय सत्तरीचें, नजर करडी. त्यांनीं प्रसंग सांगितला कीं, गांवची सुईण जाणती. तिनें वैद्यास बोलावण्यास उशीर केला आणि बाळ गेलें. तुम्ही तेथें होतां. मग चार पाट्या मांडल्या. बाळाच्या आईस खरें सांगावें. वडीलधाऱ्या वैद्यांस कळवावें. सुईणीस एकांतीं समज द्यावी. जाहलें तें जाहलें म्हणून गप्प राहावें. शिकवणीप्रमाणें वडीलधाऱ्या वैद्यांची पाटी आधीं. सगुणेनें ती उचलली. मग तिनें ती खालीं ठेविली आणि आईस खरें सांगण्याची पाटी प्रथम लावली आणि बाकीच्या तिच्यामागें लावल्या. उसासा टाकावयाचें विसरली.

म्हाळसाबाईंनीं पुसलें, "हें कोठें शिकलीस?"

हृदयावर हात ठेवला असता तर काम जाहलें असतें. सगुणा म्हणाली, "आमच्या गावात, बाई. तुळसावहिनीच्या घरी, तिचं बाळ गेलं तेव्हा. सहा वर्षं झाली. 'मी आहे की, वैद्य कशाला,' म्हणणारी सुईण माझी आई होती. आणि मी चौथी पाटी लावली. आजपर्यंत गप्प बसले."

दुसरे परीक्षक म्हणाले, "ऐसीस घेऊं नये." म्हाळसाबाईंनीं पाट्यांची ओळ पुन्हा एकदां वाचली आणि बोलल्या, "ओळ बरोबर लावलीस पोरी. पण पहिलं काम अजून व्हायचं आहे. वर्ग कार्तिकात सुरू होतात. घरी जा, ते कर, आणि ये. आलीस तर जागा तुझी."

सगुणेनें दरवाज्याबाहेर येऊन आईस सर्व सांगितलें. आवडाई संतापली. "शेदीडशे पोरं या हातांनी जगात आणली, ती कुणी मोजली नाहीत, आणि तू हे एक मोजायला निघालीस? उद्या मला दारात कोण उभं करील?" मग ती दिवसभर लेकीच्या पुढें वाट चालली. दुसरे दिवशीं गांवची वेस दिसली तेव्हां म्हणाली, "मीच सांगते. तू नुसती शेजारी उभी राहा."

तुळसा तांदूळ निवडीत होती. आवडाईनें उभ्या उभ्याच सांगितलें, कांहीं राखून ठेविलें नाहीं. तुळसा रडली नाहीं, ओरडली नाहीं. सूप बाजूस ठेविलें आणि म्हणाली, "सहा वर्षं मला वाटतंय, त्या दिवशी मी पाण्याची दुसरी घागर उचलली म्हणून माझं बाळ गेलं. सासूबाईपण तेच म्हणतात. आवडाई, तुम्ही रोज माझ्या दारावरून जात होतात."

 

सगुणा कार्तिकांत शाळेंत रुजू जाहली. आवडाईचें काम सुटलें नाहीं, परंतु पहिली कळ आली कीं ती आधीं वैद्याकडे माणूस धाडूं लागली. तुळसा तिच्याशीं वर्षभर बोलली नाहीं. तो तिचा हक्क होता. हें वर्तमान हैबतरावांस समजलें आणि त्यांनीं शिकवणींत कबुलीचा नवा पाठ घातला. पुढील सालीं पावणेतीनशें उमेदवारांनीं डोळ्यांत पाणी आणून आपापला अपराध सांगितला. म्हाळसाबाईंनीं प्रत्येकाचें ऐकून घेतलें आणि प्रत्येकास तेंच म्हणाल्या, "जा, ज्याचें वाईट केलेंस त्यास सांग, आणि ये." त्यांतील अकरा परत आले.

ऐसी ही हकीकत. जैसी ऐकिली तैसी लिहिली, अधिक उणें असल्यास दोष लिहिणाराचा. अकरांचीं नांवें वैद्यशाळेच्या दप्तरीं आहेत. इति.