छत्रीवाल्यांचं वाचनालय

'स्वतंत्र विचार वाचनालया'ला समुद्रापलीकडचं एक सरकार गेली बारा वर्षं गुप्तपणे मदत करत होतं. मदत येई ती एका छत्र्यांच्या कंपनीच्या नावाने. त्या कंपनीची छत्री कोणी कधी पाहिली नव्हती. सलूनवाला मात्र गिऱ्हाइकाची दाढी करता करता सांगे, "छत्रीवाल्यांनी यंदा पंखे दिलेत हं!" गुपित गावभर माहीत असल्यामुळे कोणाचीच अडचण होत नव्हती.

मग त्या सरकारला पारदर्शकतेचा झटका आला. यापुढे मदत उघड, आणि दारावर संस्थेच्या नावाच्या दुप्पट मोठा फलक: 'हे वाचनालय परकीय सरकारच्या साहाय्याने स्वतंत्र आहे.'

फलक लागला आणि निवृत्त मास्तर दारातूनच मागे फिरले.

"अहो मास्तर, बारा वर्षं याच पंख्याखाली बसताय ना?" वाचनालयाच्या बाईंनी विचारलं.

"तेव्हा मला कुठे माहीत होतं?"

"तुम्हीच तर मला सांगितलंत!"

"ते खासगीत, बाई. आता चारचौघांत माहीत झालंय. रागवावं लागतं."

आठवडाभरात खुर्च्या ओस पडल्या. वाचक नाहीत तर मदत बंद, असं कलम होतं. ज्या खोलीत बाईंची उमेदीची सगळी वर्षं गेली, तिला आपल्याच हाताने कुलूप घालायचं? त्या तडक वकिलातीतल्या मदत-अधिकाऱ्याकडे गेल्या.

"साहेब, आम्हाला आपलं पूर्वीसारखं गुप्तच द्या."

"अवश्य. तीन प्रतींत अर्ज करा आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. तीस दिवसांत कोणाची हरकत आली नाही, की गुप्तता मंजूर."

"आणि फलक?"

"काढता येणार नाही. झाकण्याबद्दल मात्र नियमांत काहीच म्हटलेलं नाही."

बाईंनी घरची जुनी चादर फलकावर टाकली. दुसऱ्या दिवशी मास्तर हजर! जाताना म्हणाले, "चादर वाऱ्याने उडतेय, बाई. लोकांना दिसेल." आणि संध्याकाळी स्वतःच सुतळी घेऊन आले.

वाचनालय पुन्हा गजबजलं. हल्ली तिथून एक मासिकही निघतं. निर्भीड म्हणून त्याचा बराच बोलबाला आहे. ही कथा त्यातलीच. मासिकाचा कागद कुठून येतो, हे तुम्ही इथवर वाचूनही विचारलं नाहीत, तेव्हा तुम्हीही आमचे जुनेच वाचक. फक्त मागचं पान उलटू नका. तिथे छत्रीची जाहिरात आहे.