करवंदी ओढ्याचा प्रबंध

करवंदी ओढ्याने आमच्या पर्यावरण व समाज अभ्यास केंद्रात पीएच.डी.साठी प्रवेश घेतला, तेव्हा त्याच्या अर्जाला जातीचा दाखला जोडलेला नव्हता, म्हणून मी त्याची नोंद खुल्या प्रवर्गात केली. बाकी कागदपत्रं चोख होती. बावीस वर्षं मी केंद्रात लिपिक आहे. एवढा नीटनेटका अर्ज माणसांचाही पाहिलेला नाही.

प्रवेश घेण्याचं कारण उघड होतं. नगरपालिकेला त्याच्यावर स्लॅब टाकून वाहनतळ करायचा होता, आणि विद्यापीठाच्या संशोधकावर बांधकाम करता येत नाही. मुदत पाच वर्षांची. तेवढ्यात पदवी मिळाली तर स्लॅब कायमचा टळणार होता; नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या गाड्या येणार होत्या.

विषय त्याने स्वतःचाच घेतला. मार्गदर्शक केंद्राचे संचालक डॉ. हेरंब सोवनी. सरांचे याच ओढ्यावर अकरा शोधनिबंध आहेत, त्यांच्याच जोरावर ते संचालक झाले. ओढा प्रगती अहवाल वेळेवर द्यायचा. उन्हाळ्यात अगदी बारीक झाला तरी हजेरी चुकवली नाही.

मुदत संपायला नऊ दिवस असताना प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीतून परत आला. ओढ्याला दुसऱ्या मजल्यावर येणं जमत नसे, त्यामुळे बैठक केंद्राच्या मागे, त्याच्या काठच्या पायरीवर झाली. सर खुर्चीवर, मी फाईल घेऊन उभी.

"एकोणऐंशी टक्के मजकूर माझ्या निबंधांशी जुळतो," सर म्हणाले. "दहाच्या पुढे चालत नाही."

"सर, तुम्ही ते माझ्याकडे बघूनच लिहिलं होतंत," ओढा म्हणाला.

"बघून लिहिणं म्हणजे निरीक्षण. तू केलीस ती चोरी."

"पण मी माझ्याबद्दलच लिहिलंय."

"मग माझा संदर्भ द्यायला काय झालं होतं?" सरांनी पान उलटलं. "आणि उरलेले एकवीस टक्के निराधार आहेत. तुझा उगम टेकडीवरच्या झऱ्यात आहे, हे कुठे छापलंय?"

"सर, मी तिथूनच येतो. वरच्या वाडीतल्या बायका रोज तिथे पाणी भरतात."

"माझ्या निबंधात उगम वसतिगृहाच्या मोरीपाशी आहे."

खरं सांगायचं तर त्या सर्वेक्षणाला मी सोबत होते. जीप वसतिगृहापर्यंतच जात होती. वर चालत जायचा सरांनी कंटाळा केला, मोरीपाशी खूण केली आणि आम्ही कँटीनमध्ये मिसळ खाल्ली. मला सरांचा संताप आला, स्वतःचाही. पण बैठकीत लिपिकाने बोलायची पद्धत नाही.

सरांनी आवाज मऊ केला. "हे बघ, तुझं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. उगम मोरीपाशी कर, टेकडीवरचा झरा काढून टाक, माझे अकराही संदर्भ दे. पुढच्या आठवड्यात मौखिक परीक्षा लावतो."

ओढा माझ्या बाजूला वळला. मग मला म्हणाला, "बाई, दुरुस्ती टाइप करून द्याल?"

मी दिली.

मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "आपला उगम कुठला?"

"वसतिगृहाची मोरी," ओढा म्हणाला. "सोवनी, तक्ता तीन."

परीक्षकांनी समाधान व्यक्त केलं. सरांनी पेढे मागवले. नगरपालिकेने स्लॅबचा प्रस्ताव मागे घेतला.

चौथ्या दिवशी वरच्या वाडीतल्या दोघी जणी रिकामे हंडे घेऊन कार्यालयात आल्या. "बाई, झरा आटला. परवापास्नं थेंब न्हाय. असं कधी झालं न्हवतं."

मी खिडकीतून पाहिलं. डॉ. करवंदी ओढा मोरीच्या तोंडापासून सुरू होऊन, साबणाच्या फेसासकट, शिस्तीत वाहत होता. सरांना विचारलं, तर म्हणाले, प्रबंध दाखवा त्यांना. मी पान एकोणीस काढून वाचलं: टेकडीवर झरा नाही, पूर्वीही नव्हता.

धाकटी काहीतरी बोलणार होती. थोरलीने तिचा हात धरला आणि मला विचारलं, "ह्ये लिवलं कुनी?"

"टाइप मी केलं," मी सांगितलं, आणि अभ्यागतांच्या वहीत दोघींच्या सह्या घेतल्या.