चेंडू ताब्यात कधी आला?

सबनीसकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. मी नवे बूट घेतले त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला "कौनसे फ्लॅट में जाना है?" असं विचारलं होतं. आमची दारं समोरासमोर आहेत.

काका दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होते, पण मनाने कायम बास्केटबॉलचे पंच. निवृत्त झाल्यावर आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीतल्या कोर्टावर ते दर रविवारी शिट्टी घेऊन उभे असायचे, आणि मी पोट कमी करायला म्हणून खेळायचो. पोट अजून आहे.

चेंडू धरल्यावर तो न आपटता दोनच पावलं टाकता येतात. तिसरं पडलं की ट्रॅव्हलिंग. एवढं मलाही कळतं. वाद असतो तो मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. "चेंडू ताब्यात आला की गिनती शुरू," हे काकांचं ब्रह्मवाक्य. मी म्हणायचो, काका, तो ताब्यात आलाच नव्हता. यात खोटं काही नाही. माझ्या ताब्यात घरातला रिमोटही नसतो, तिथे चेंडू कुठला? पण माझी बोटं लागली रे लागली की काका शिट्टी फुंकायचे. एकदा मी मोबाइलवर नियमच काढून दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून नीट वाचला, अच्छा म्हणाले, आणि पुढच्याच मिनिटाला शिट्टी मारली. चेंडू तेव्हा माझ्या नाकावर आपटत होता.

गेल्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि काका यायचे थांबले. आता हवी तेवढी पावलं टाकता येतील म्हणून मी मनातून थोडा खूशही झालो. पण शिट्टी नसली की आम्ही नुसते भांडतो. थोड्याच दिवसांत खेळ बंद पडला.

मग एका सकाळी मी एकटाच चेंडू आपटत असताना काका काकूंनाच कोर्टावर घेऊन आले. घरात चालताना त्या भिंत सोडायला तयार नव्हत्या. इथे धरायला भिंतच नव्हती. काकांनी त्यांच्या हातात चेंडू दिला आणि स्वतः त्यांच्यासमोर उलटे चालू लागले. नजर अर्थातच पायांवर.

"अहो, पडेन मी," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. बऱ्याच वेळाने तिसरं.

सूड घ्यायची अशी संधी मी सोडतो होय? "काका, ट्रॅव्हलिंग," मी ओरडलो.

काकांनी मान वर केली नाही. गळ्यातल्या शिट्टीला हातही लावला नाही.

"बिल्कुल नाही," ते म्हणाले. "चेंडू अजून तिच्या ताब्यात आलाय कुठे? चल नलू, चल."

काकूंनी चेंडू दोन्ही हातांनी छातीशी गच्च आवळला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच मी पंचांशी वाद घातला नाही.