नोंदणीकृत पत्ता: कांताबाईंची ओसरी

राळेगावच्या रस्त्यावरच्या एका शेतात प्रियंका सौरपंपाच्या कंट्रोलरमध्ये डोकं घालून बसली होती, तेवढ्यात कांताबाईंचा फोन आला. आवाजात विजय होता.

"प्रियंका, एक मानूस आलता. फाइल घेऊन. इथं कंपनी हाय काय म्हने. म्या असा हाकलून देल्ला की बस!"

प्रियंकाच्या हातातला पाना खाली पडला. "हाकलून देल्ला? काहून?"

"तूच त सांगतलं होतं. अनोळखी मानसाले काही सांगायचं नाही, कागद दाखवायचा नाही, ओटीपी द्यायचा नाही. त्यानं ओटीपी मांगतला नाही, पन चेहऱ्यावरून मांगनार होता."

"मावशी, तो सरकारी मानूस होता व! कंपनीचा पत्ता खरा हाय का ते पाहाले आलता!"

पलीकडचा विजयी सूर एकदम उतरला.

प्रियंका आणि तिची मैत्रीण उर्वशी, दोघींनी यवतमाळला पॉलिटेक्निक केलं, पुण्यात नोकऱ्या केल्या, त्या सोडल्या आणि बाभुळगावात सौरपंप दुरुस्तीची कंपनी काढली. दुरुस्ती त्यांना येत होती. अडलं ते पत्त्यापाशी. कंपनी स्थापन झाली की तीस दिवसांच्या आत तिला स्वतःचा नोंदणीकृत पत्ता लागतो. तिथे पत्र गेलं तर ते घेऊन पोच देणारं कोणीतरी पाहिजे, ताजं लाइट बिल पाहिजे, घरमालकाची लेखी संमती पाहिजे आणि दाराबाहेर कंपनीच्या नावाचा बोर्ड पाहिजे, तोही मराठी अक्षरांत. प्रियंकाचं घर आजोबांच्या नावावर आणि आजोबांमागे चार काका. तिघे म्हणाले, पाहू. चौथ्यांनी विचारलं, "कंपनी काढून लग्न जमते काय?" मग शेजारच्या कांताबाईंनी एका वाक्यात प्रश्न मिटवला होता. "ओसरी रिकामीच असते बाप्पा. बसव तुयी कंपनी तिथं." आणि संमतीपत्रावर जपून, एकेक अक्षर जुळवत सही केली होती.

"पन मावशी, बाहेर बोर्ड होता न? त्याले दिसला नाही?"

"बोर्ड आंगनात हाय."

"आंगनात कायले?"

"पत्रा लय चांगला हाय व त्याचा. उनात मस्त तापते. म्या त्याच्यावर मुंगवड्या घातल्या."

प्रियंकाने डोळे मिटले. बोर्ड नाही आणि घरात राहणारी बाई म्हणते कंपनीच नाही. हे कागदावर गेलं की कंपनीचं नाव नोंदवहीतून कटायला वेळ लागणार नव्हता. आणि गेल्याच आठवड्यात चाळीस गावांतल्या पंपांच्या देखभालीचं काम त्यांना मिळालं होतं.

"कुठं गेला तो?"

"स्टँडवर. यवतमाळची गाडी पकडतो म्हने."

"मी अर्ध्या तासात येते. तोवर त्याले जाऊ देऊ नका. पाया पडते मावशी."

"आताच हाकलला अन् आताच थांबवू?"

"थांबवा!"

पुढचं प्रियंकाला गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान असलेल्या बाबारावांनी सांगितलं. कांताबाईंनी बोर्ड उचलला, वड्यांसकट डोक्यावर घेतला आणि बाबारावांना हाक मारून त्या थेट स्टँडवर निघाल्या. साहेबांचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता.

"साहेब, उतरा! कंपनी सापडली!"

"कधी हरवलती?" कंडक्टरने विचारलं.

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं. मुंगवड्यांच्या फटींतून 'सौरपंप' आणि 'लिमिटेड' एवढंच वाचता येत होतं. ते म्हणाले, "बाई, बोर्ड स्टँडवर आणून चालत नाही. तो कार्यालयाच्या बाहेर लावलेला असावा लागतो."

"मंग चाला लावाले."

ते नाही म्हणणार, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघून गेली. आता साहेबांना जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

प्रियंका धापा टाकत पोचली तेव्हा बाबाराव खिळे ठोकत होते, कांताबाई उलथन्याने बोर्डावरच्या शेवटच्या वड्या खरवडत होत्या आणि साहेब ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर घाम पुसत बसले होते. तिने माफी मागितली. त्यांनी लाइट बिल तपासलं, संमतीपत्र तपासलं, बोर्डासमोर तिला उभं करून फोटो काढला. मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "कंपनीच्या नावाने आलेली पत्रं कोण घेतं?"

गेले आठ महिने प्रियंका शेताशेतांतून फिरत होती. पत्रांची चौकशी तिने कधी केलीच नव्हती.

कांताबाई आत गेल्या आणि एक लोखंडी पेटी ओढत घेऊन आल्या. आत जुन्या पातळात गुंडाळलेली पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं. प्रत्येकावर पेन्सिलीने, मोठाल्या अक्षरांत तारीख. बँकेचं, कर विभागाचं, बियाण्याच्या जाहिराती आणि एक लग्नपत्रिका.

"हे त माह्या पोरीच्या लग्नाची!" बाबाराव म्हणाले. "लग्न होऊन सा महिने झाले."

"कंपनीचं नाव होतं त्याच्यावर. मी कशी फोडू?"

प्रियंका ती पेन्सिलीची अक्षरं पाहत राहिली. पंचावन्न वर्षांच्या या बाईने रात्रशाळेत अक्षरं गिरवली होती, आणि ती सगळी अक्षरं प्रियंकाच्या कंपनीसाठी राबत होती.

साहेबांनी पाकिटं मोजली नाहीत. बंद करून पेटी सरकवली. "ताई, हा आजचा माझा तिसरा पत्ता. आधीच्या दोन्ही ठिकाणी चकचकीत बोर्ड होते. मागे कुलूप. इथे बोर्ड नव्हता, पण माणूस होतं." थांबून म्हणाले, "जरा जास्तच होतं."

बाबाराव आणि समोरच्या घरातल्या हंसाबाईंनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मग पत्रं घेऊन पोच कोण देणार, त्याचा कागद साहेबांनी कांताबाईंपुढे धरला. "इथे तुमचं कंपनीशी नातं काय ते लिहायचं आहे."

"कंपनीशी कायचं नातं? नातं या पोरीशी हाय."

"सर, अधिकृत प्रतिनिधी लिहा," प्रियंका म्हणाली. "आजच तसा ठराव करतो, मी आणि उर्वशी."

"हे काय असते व?"

"म्हंजे मावशी, तुम्ही जे बोलसान, ते कंपनी बोलली असं धरतेत."

कांताबाईंनी सही केली. कागद लांब धरून एकदा पाहिला, साहेबांना परत दिला आणि पदर खोचत उठल्या.

"मंग साहेब," त्या म्हणाल्या, "जेवल्याबिगर कंपनी तुमाले सोडत नाही."