बिनआजाराचे शांतवनकाका

शांतवनकाका रोज सकाळी साडेआठला आमच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे राहतात. त्यांना काहीही झालेलं नसतं.

मी मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात दोन नंबरच्या खिडकीवर बसते. नाव, वय, गाव, काय होतंय. बावीस वर्षं हे चार प्रश्न विचारतेय. आता घरी पाहुणे आले तरी तोंडात आधी तेच येतं. काका पहिल्यांदा खिडकीशी आले तेव्हा मी मान वर न करताच नाव विचारलं. ते म्हणाले, "माझं राहू दे. ह्यांचं लिही." शिराळ्याच्या गाडीतून नुकत्याच उतरलेल्या एका म्हातारीला त्यांनी पुढं केलं आणि स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तासाभरानं परत खिडकीशी आले, परत दुसऱ्याच कुणाला तरी पुढं करून मागं गेले.

तिसऱ्या दिवशी मी सिक्युरिटीवाल्याला सांगितलं की हा एजंट दिसतोय, जरा बघा. त्यानं काकांना बाजूला घेतलं. वीस मिनिटांनी परत येऊन म्हणाला, माणूस चांगला आहे, मॅडम. नंतर कळलं की त्या वीस मिनिटांत सिक्युरिटीवाल्यानंच आपल्या घरची सगळी कहाणी सांगितली होती. काका नुसतं "मग?" म्हणत होते.

काकांनी दुसऱ्या एका दवाखान्यात जन्मभर एक्स-रे काढले. बायको सुलभा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या चर्चच्या मागं दोन खोल्यांत एकटे राहतात. नोकरी सुटली पण बोली सुटली नाही. कुणी तावातावानं बोलत आलं की म्हणतात, "श्वास घ्या. धरा. हलू नका. हं, सोडा." समोरचा माणूस खरोखर श्वास धरतो आणि काय बोलायला आलो होतो तेच विसरतो.

रांगेत तुम्ही करता तरी काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, प्रार्थना. एक पाऊल सरकलं की एक श्वास, पुढच्या माणसासाठी.

"रांगेत माणसाची पाठ दिसती, तोंड न्हाई. ते लय बरं. तोंड दिसलं की आपलं मत हुतं."

आमचे पाळकसाहेब त्यांना वचकून असतात. एका रविवारी उपासनेत त्यांनी काकांना प्रार्थना करायला सांगितलं. काका उठले, डोळे मिटले आणि गप्प उभे राहिले. मंडळी वाट बघत होती. पेटीवाल्यानं दोनदा घसा खाकरला. मागच्या बाकावरच्या एका बाईंना वाटलं की म्हाताऱ्याला चक्कर आली, त्या पाणी घेऊन पुढं आल्या. शेवटी पाळकसाहेबांनीच आमेन म्हणून टाकलं. काकांनी डोळे उघडले आणि इतक्यात झालं का, असं त्यांना विचारलं.

माझी गाठ त्यांच्याशी पडली ती मी दमले म्हणून. घरात मी आणि आई, दोघीच. आईला विसरण्याचा आजार. आधी ती गॅस बंद करायला विसरली, मग मला विसरली, मग बोलणंच विसरली. दिवसभर शेजारीण बघायची, बाकीचा वेळ मी. माझी प्रार्थना कधी बंद पडली ते मलाही कळलं नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले की शांतवनकाकांकडे जा, त्यांच्याकडे बरेच जण आत्मिक सल्ल्याला जातात. काकांना तो शब्द आवडला नाही. सल्ला द्यायला मी काय वकील हाय का, म्हणाले. संगत करू म्हणाले.

मग दर बुधवारी ड्यूटी संपल्यावर आम्ही सायकल स्टँडजवळच्या बाकावर बसू लागलो. ते एकच विचारायचे, "आज कुठं दमलीस?" मी सांगत सुटायचे. सांगून झालं की थोडा वेळ गप्प बसायचो. की झाली संगत. मला वाटायचं, ह्यासाठी मी घरी जायची रिक्षा सोडली?

एकदा त्यांनी मला अभ्यास दिला. केसपेपर करायच्या आधी समोरच्याकडे एकदा बघायचं आणि श्वासाबरोबर मनात एकच नाव घ्यायचं, येशू. बस. मी केलं. दोन दिवस रांग लांबली आणि दवाखान्याचे साहेब ओरडले. तिसऱ्या दिवशी पलूसचा एक शेतकरी आला. मी बघितलं, श्वास घेतला, नाव घेतलं आणि कंप्युटरवर टाइप केलं. दुपारी तो कागद घेऊन परत आला. सकाळधरनं आत कुणा येशू बाबूराव पाटलाला हाका मारत्यात, तो काय येईना आणि माझा काय नंबर लागंना, म्हणाला. मी कागद बघितला. दुरुस्त करून दिला आणि माफी मागितली. पाटील म्हणाले, "असू द्या बाई. तुमीबी दमला असाल."

काकांना हे सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले असेन.

पण आईचं काही हसण्यासारखं राहिलं नव्हतं. शेजारीणही थकली होती. सांगलीत नन सिस्टर लोकांचा एक वृद्धाश्रम आहे, तिथला फॉर्म मी आणला. भरला. पर्समध्ये ठेवला. दर बुधवारी काकांना विचारायचे की पाठवू का नको. ते हो म्हणत नव्हते, नको म्हणत नव्हते. मला त्यांचा राग यायला लागला.

मग चार दिवस काका रांगेत दिसले नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेले. तापानं तोंड उतरलं होतं. खुर्चीत बसले होते, समोर कोरी भिंत. मी पेज करून दिली. दोन घोट घेतल्यावर आपणहून बोलायला लागले.

"बारा वर्सं झाली, प्रार्थनेला बसलो तर आतनं काय येत न्हाई बघ. पयलं यायचं. आवाज न्हवं, पर कोणतरी हाय, असं वाटायचं. आता नुसती भिंत. तुमा लोकांना सांगितलं न्हाई कवा."

मी हादरले. इतकी माणसं ह्यांच्या बाकावर येऊन बसतात, आणि हे असं. मग रोज बसता कशाला, मी विचारलं.

"सुलभा शेवटची दोन वर्सं बोलत नव्हती. झटका आलेला. तरी बसायचोच न्हवं तिच्यापाशी? बोलत न्हाई म्हणून माणूस उठून जातं व्हय?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझी पर्स माझ्या मांडीवर होती. मग हळूच म्हणाले, "तुला न्हाई बोललो मी, सरोज. तू एकटी हाईस. मला सुलभाच्या भैणी हुत्या हाताखाली."

मी पेजेचं भांडं घासून ठेवलं आणि घरी आले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आईला सांगलीला पोचवलं. दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं. पण काकांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. बुधवारी मी बाकाकडे न जाता मागच्या गेटनं बाहेर पडायला लागले. ते बरे होऊन पुन्हा रांगेत यायला लागले होते. खिडकीशी आले की मी खाली बघून टाइप करायचे. ते नेहमीसारखं दुसऱ्या कुणाला पुढं करून मागं जायचे.

रविवारी मी आईकडे जायचे. तासभर बसायचे, तिचे केस विंचरायचे, परत यायचे. दोन महिने असे गेले. एका रविवारी निघताना तिथल्या सिस्टरनी मला थांबवलं. भेटीला येणाऱ्यांची वही पुढं केली आणि म्हणाल्या, एक रकाना राहिलाय तेवढा भरून द्या, ते आजोबा दर वेळी कोरा सोडतात.

मी विचारलं, कोण आजोबा.

दर मंगळवारी दुपारी येतात, सिस्टर म्हणाल्या. मिरजेहून, एस्टीनं. आईंच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसतात. काही बोलत नाहीत. त्याही बोलत नाहीत. चहा झाला की जातात.

मी वही उघडली. आठ मंगळवार होते. प्रत्येक ओळीत भेटायला येणाऱ्याचं नाव थरथरत्या अक्षरात शांतवन लोंढे, पेशंटचं नाव माझ्या आईचं, आणि नात्याचा रकाना मोकळा.

सिस्टरनी पेन दिलं. मी आठही ओळींत 'भाऊ' लिहिलं.