एलादिओचं शून्य

एलादिओची लघवी गुलाबी झाली तेव्हा तो खूश झाला. डॉक्टर मार्लेनी झाल्या नाहीत. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि रविवारच्या घाटाच्या शर्यतीचा फॉर्म सही न करताच बाजूला सारला.

"काका, रक्त दिसतंय. तुन्हा शहरातल्या लॅबमधून रिपोर्ट सोमवारी येईल. तोवर सायकल बंद."

"रक्त कसलं, बीट आहे ते. सायकल क्लबात सगळेच बिटाची पावडर घेतात. जितकी लाल, तितका दम."

क्लबाचा अध्यक्ष गुस्तावो टपलेलाच होता. त्याने परस्पर ठरवून टाकलं, यंदा एलादिओ शर्यतीपुढच्या जीपमध्ये बसून व्हर्जिन मेरीची तसबीर सांभाळेल. चाळीस वर्षं एकही शर्यत न चुकवलेल्या माणसाला हे म्हणजे सरळ अडगळीत टाकणं होतं. एलादिओचं डोकं फिरलं. त्याने गुस्तावोला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

"डॉक्टरीणबाई, ह्याचीही बाटली भरून घ्या. हाही तीच पावडर पितो."

गुस्तावो आढेवेढे घेत आत गेला आणि मान खाली घालून बाहेर आला. त्याची बाटलीही गुलाबी.

"दोघांना एकदम रक्त जायचं नाही," म्हणत मार्लेनीबाईंनी सही केली. "पण काका, काही दुखलं तर थांबायचं."

गुस्तावोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पावडरीच्या जिवावर उड्या मारतोयस. दम असतो तो बिटातल्या नायट्रेटचा, तुझा नव्हे."

"बघूच किती असतो ते," एलादिओ म्हणाला.

त्याची लेक निदिया नगरपालिकेत पिण्याच्या पाण्यातलं नायट्रेट तपासायची. तिने दोघांचे डबे मागवले. दुकान एक, कंपनी एक, किंमतही एक. दोन्हींतली चिमूटचिमूट भरपूर पाण्यात कालवून गाळली आणि नायट्रेट तपासायच्या पट्ट्या बुडवल्या. गुस्तावोची पट्टी गडद झाली. एलादिओची पांढरीफटक राहिली. तिने पुन्हा बुडवून पाहिली.

"बाबा, तुमच्या डब्यात नुसता रंग आहे. नायट्रेट शून्य."

गुस्तावो पोट धरून हसला. "चौदा दिवस रंग प्यायला बिचारा."

एलादिओला क्षणभर वाईट वाटलं. मग त्याने हिशेब केला. याच चौदा दिवसांत सरावाला तो बेचाळीस मिनिटांत वर पोचला होता आणि गुस्तावो चव्वेचाळिसांत.

"पोरी, कागदावर लिहून दे."

"काय लिहू?"

"शून्य. चांगलं मोठं काढ, पाठीवर टाचायचंय."

रविवारी अख्खा घाट गुस्तावोला ते शून्य वाचत चढावा लागला.