सुभेदारांची फोनभरती

यंत्राची लायकी त्याच्या किमतीवरून ठरवू नये, हे तत्त्व आमच्याकडे फार वरच्या पातळीवर पाळलं जातं. वरची पातळी म्हणजे सुभेदारांच्या गोठ्याचा स्लॅब. तिथं शिडीनं चढावं लागतं.

कुंडलच्या शिवारात मळ्यांमधून जी घरं पसरली आहेत, त्यांतल्या एकात सुभेदार राहतात आणि शेजारच्या एकात मी. ते फौजेतून निवृत्त झाले, मी कॉलेजात इतिहास शिकवून. आमच्या भागात नवा स्वस्तातला फोन घेतलेला माणूस पेढे वाटायच्या आधी सुभेदारांकडे जातो. ते तपासतात, 'फिट' किंवा 'अनफिट' म्हणतात, आणि अनफिट फोन दुसऱ्या दिवशी दुकानात परत जातो. पलूसच्या दुकानदाराला याबद्दल काय वाटतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तपासणीची पद्धत त्यांनी भरतीच्या मैदानावरून उचलली आहे. आधी मेडिकल. फोन पालथा, उताणा, आडवा करून त्याची भोकं बघायची, कानाशी हलवून आत काही खुळखुळतंय का ऐकायचं. मग ऊन. भर दुपारी उसाच्या कडेला उभं राहून कुणाचा फोन आलाय ते नाव वाचता आलं पाहिजे. चष्म्याशिवाय. सुभेदारांना चष्म्याशिवाय घरातही वाचता येत नाही, पण नियम तो नियम. त्यानंतर बोट. "म्हशीची धार काढून उठलेल्या माणसाचं बोट वळखतोय का बघायचं," असं ते म्हणतात. "कोरडं बोट कुनीबी वळखतंय." मग फोन सदऱ्याच्या खिशात घालून ते कडबाकुट्टीच्या यंत्राशेजारी उभे राहतात आणि रिंग ऐकू येते का ते पाहतात. शेवटी फोन 'ड्यूटीवर' जातो, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, शालनवहिनींकडे. त्या त्यावर बॅटरी संपेपर्यंत मालिका बघतात. आमच्या भागात नव्या फोनांच्या जोरावर मालिका बघणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात.

फोनच्या खोक्यावर छापलेले आकडे सुभेदार वाचत नाहीत. मी एकदा मेगापिक्सेलचा विषय काढला होता. "सर, ती उंची झाली," ते म्हणाले. "उंची बघून पोरगं रांगेत उभं करत्यात. पळतंय का ते मागनं कळतंय."

या सगळ्यानंतर येते आवाजाची परीक्षा, आणि ती स्लॅबवर होते. फोनवाल्यासकट जे कुणी हजर असेल त्याला वर चढावं लागतं. सुभेदार पूर्वेकडे तोंड करून ताठ उभे राहतात, एक नंबर लावतात, स्पीकर चालू करतात आणि कवायतीच्या आवाजात विचारतात, "हॅलो. आवाज येतोय का?"

"येतोय," पलीकडून उत्तर येतं. "कुनाचा फोन हाय?"

"डेरीच्या सेक्रेटरीचा." किंवा मास्तरांचा, किंवा ज्याचा असेल त्याचा.

"बरं." आणि फोन बंद.

पलीकडचा माणूस म्हणजे आण्णा, सुभेदारांचे थोरले भाऊ. त्यांचं घर बांधाच्या पलीकडे, स्लॅबवरून त्यांच्या अंगणातली बाज दिसते. त्यामुळं 'येतोय' हे उत्तर आधी हवेतून येतं आणि मग फोनमधून. इतकी वर्षं संशोधनाच्या पद्धतींवर व्याख्यानं दिलेला माणूस म्हणून मला हे खटकायचं. या परीक्षेत फोनचा संबंधच नव्हता. सुभेदारांच्या हातात साबणाची वडी असती तरी आण्णांना तितकंच ऐकू गेलं असतं. हे मी एकदा त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमी शिडी जपून उतरा."

दोघा भावांचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या शिवाराला माहीत होतं. विहीर सामाईक, मोटार सामाईक, पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात आण्णांची पाळी संपली तेव्हा त्यांच्या उसाच्या शेवटच्या सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. मधे वीज गेल्यामुळं वेळ वाया गेला होता. सुभेदारांनी घड्याळ बघितलं आणि मोटारीचं पाणी आपल्याकडे वळवलं. आण्णा काही बोलले नाहीत. त्यानंतरही काही बोलले नाहीत. सुभेदारांच्या नंबरवरून फोन गेला तर ते उचलत नसत. फोन तपासणी हे निराळं खातं होतं. तिथं आण्णा हजर असत.

गेल्या हिवाळ्यात मात्र फोनांवर संक्रांत आली. सेक्रेटरीचा फोन अनफिट. मास्तरांचा अनफिट. ऊन, बोट, कडबाकुट्टी सगळ्यांत पास झालेला पोस्टमनचा फोनही स्लॅबवर नापास. मी त्या दिवशी हजर होतो. सुभेदारांनी नंबर लावला. बांधापलीकडे, कुलूप लावलेल्या घरातून रिंग वाजायला लागली आणि वाजत राहिली. अंगणातली बाज उभी करून ठेवलेली होती. रिंगचा आवाज खणखणीत आहे, असं पोस्टमन आशेनं म्हणाला. सुभेदार रिंग बंद होईपर्यंत तिकडे बघत राहिले.

"अनफिट," ते म्हणाले आणि खाली उतरले.

मी खाली आलो तेव्हा शालनवहिनी गोठ्यात शेण भरत होत्या. पोस्टमन निघून गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"आवं सर, फोनात काय बी खोट न्हाई. उचलनारा सांगलीला दवाखान्यात हाय. गुडघ्याचं आपरेशन हाय आण्णांचं. जाताना गडबडीत फोन चार्जिंगला तसाच ऱ्हायला."

"मग सुभेदारांनी सांगलीला जाऊन यावं की."

"बोलावल्याबिगर? ह्येनी?" त्यांनी पाटी डोक्यावर घेतली. "ह्येनी काय, ते बी तसलंच. जाताना बांधापतूर आलं, उभं ऱ्हायलं आन् गेलं. आन् ह्ये रोज कुनाचा तरी फोन घेऊन वर जात्यात, कुलूप लावल्यालं घर वाजवत्यात आन् खाली येऊन जेवत न्हाईत."

माझा जुना फोन तेव्हा नीट चालत होता. तरी मी पलूसला जाऊन सगळ्यात स्वस्त नवा फोन घेतला. दुकानदारानं सुभेदारांचं नाव न घेता मला परतीची मुदत दोनदा समजावून सांगितली.

फोन हातात घेतल्यावर सुभेदारांनी मेडिकल केलं नाही. ऊन होतं, पण उसाकडं गेले नाहीत. म्हैस दावणीला उभी होती, तिच्याकडंही बघितलं नाही. सरळ शिडी चढले. मीही मागोमाग चढलो, जपून.

नंबर लागला. बांधापलीकडचं घर गप्प होतं. सुभेदारांनी फोन कानापासून लांब धरला, पुन्हा घराकडं बघितलं. रिंग कुठं वाजतेय ते त्यांना कळेना. तेवढ्यात खरखरत आवाज आला. या वेळी फक्त फोनमधून.

"कोन हाय?"

सुभेदार ताठ झाले. "हॅलो. आवाज येतोय का?"

"येतोय. पोरानं काल आनून दिला फोन. कुनाचा हाय ह्यो नंबर?"

"सरांचा. नवा हाय."

"मग तपास की नीट."

"तपासतोय." सुभेदारांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "गुडघा?"

"वाकतोय थोडा. उसाची लावन वाळली आसंल की रं सगळी."

"न्हाई वाळली. माज्या पाळीत तुज्या सऱ्या भिजवतोय. पार बांधापतूर."

पलीकडे कुणीतरी औषधाची ट्रॉली ढकलत गेलं. मग आण्णांनी विचारलं, "किती वाजंपतूर चालू ठिवली मोटार?"

सुभेदारांनी मनगट मागं घेतलं, जणू आण्णांना ते दिसणार होतं.

"घड्याळ बघितलं न्हाई," ते म्हणाले.

"बरं," आण्णा म्हणाले. नेहमी या शब्दाबरोबर फोन बंद होतो. त्या दिवशी झाला नाही. दोघांनीही फोन तसाच चालू ठेवला, आणि मी शिडीवरून खाली उतरलो.

सुभेदार बऱ्याच वेळानं खाली आले. फोन सदऱ्याला पुसून त्यांनी माझ्या हातात दिला.

"फिट हाय सर."

"बाकीची तपासणी?"

"कशाला? तोंडावरनंच कळतंय."

आण्णा आता घरी आले आहेत. काठी टेकत बांधापर्यंत येतात. भावांचं बोलणं अजून बंद आहे. मोटारीच्या पाळ्या ठरल्याप्रमाणं चालतात, फक्त सुभेदारांच्या घड्याळाचा सेल संपला आहे आणि नवा आणायला त्यांना सवड होत नाही. माझ्या फोनची मात्र दर रविवारी स्लॅबवर फेरतपासणी होते. तिला हल्ली बराच वेळ लागतो, त्यामुळं मी चहा पिऊनच तिकडं जातो.

फोनचा स्पीकर पहिल्याच महिन्यात फाटला. दर रविवारी तो फिट ठरतो.